शिशाची खतावणी

मोटारीचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा इंजिनापासून आरंभ करतात आणि इंजिनापाशीच थांबतात. बॉनेटखाली एका कोपऱ्यात बसलेल्या बॅटरीची दखल त्यांच्या ग्रंथांत फारशी नसते. कचेरीतील जावक-बारनिशीच्या कारकुनाप्रमाणे, ती ज्या दिवशी कामावर नसेल त्याच दिवशी तिचे महत्त्व सर्वांच्या ध्यानी येते. वस्तुतः बॅटरी ही मोटारीहून वडील आहे. कार्ल बेन्झने आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट १८८६ मध्ये घेतले. शिशाची बॅटरी त्याआधी २७ वर्षे, १८५९ मध्ये, जन्मास आली होती.

ह्या वडीलकीचा विचार आमच्या मनात आला तो चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियात. ज्या वाचकांची नेमणूक कधीकाळी ह्या शहरी झाली असेल त्यांना तो भाग परिचित असेलच. इतरांसाठी दोन शब्द सांगतो. फाळणीत लाहोर गमावलेल्या पंजाबासाठी ही नवी राजधानी वसविण्यात आली. १९५१ मध्ये ल कॉर्ब्युझिए यांनी तिचा आराखडा हाती घेतला आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. शहराची कल्पना मनुष्यदेहासारखी केलेली होती. उत्तरेकडील शासकीय वास्तू हे मस्तक आणि १७ सेक्टरातील बाजारपेठ हे हृदय. कारखान्यांना मात्र आग्नेयेस, रेल्वेमार्गालगत, त्या मस्तकापासून आणि विद्यापीठापासून शक्य तितक्या दूर जागा दिली गेली, आणि शहर व कारखाने यांच्यामध्ये फळझाडांचा रुंद पट्टा राखण्यात आला. आज तेथे मोटारींची झगमगीत दालने आहेत, २०१३ मध्ये उघडलेला प्रचंड मॉलही आहे. तरी मागच्या गल्ल्यांतून पान्ह्यांचा आवाज अद्याप ऐकू येतो.

पौष महिन्यातील एका धुकट सकाळी आमच्या गाडीने मौन धरले, आणि आम्हांस त्या गल्ल्यांपैकी एकीत जावे लागले. तेथील वयस्क मिस्त्रींनी बॅटरीवर मीटर धरला आणि म्हणाले, "सरजी, गाडी ठंड में रुकी है, पर बैटरी गर्मी में मरी है." ह्या एका वाक्यात पुष्कळ शास्त्र सामावले आहे. चंडीगडचा ज्येष्ठ ४० अंशांच्या पलीकडे जातो. उष्णता साधारण दहा अंशांनी वाढली की बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. कारण आतील शिशाची जाळी झिजते आणि पाणी आटते. पुढे थंडीत इंजिनातील तेल घट्ट होते, आम्लातील क्रिया मंदावते, आणि उन्हाळ्यात झालेला क्षय तेव्हा उघडकीस येतो. मृत्यू ज्येष्ठातला, वर्दी पौषातली.

बॅटरी बदलण्याचा विधी लहान आहे, परंतु त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी ऋण टोकाची तार सोडवायची, मग धन टोकाची. हल्लीच्या गाडीचा सारा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. ती तार तशीच ठेवून धन टोकावर पान्हा चालविला आणि तो निसटून सांगाड्याला टेकला, तर ठिणग्यांचा वर्षाव होतो. नवी बॅटरी बसविताना हाच क्रम उलटा. मिस्त्रींनी हे सारे पाच मिनिटांत उरकले. मग त्यांनी जुनी बॅटरी उचलून बाजूला ठेवली आणि बिलात तिच्या नावाने ठळक वजावट मांडली. निकामी झालेल्या वस्तूस बिलात जमेचा मान मिळालेला पाहून आमच्यातील कारकून जागा झाला. ज्या वस्तूत आता प्राण नाही तिचे पैसे कशाबद्दल? उत्तर अर्थातच शिशाबद्दल. साध्या मोटारीच्या दहा-पंधरा किलोंच्या बॅटरीत निम्म्याहून अधिक वजन शिशाचे व त्याच्या संयुगांचे असते. बॅटरी मरते, शिसे मरत नाही. आम्हां केंद्रीय नोकरांच्या भाषेत सांगायचे तर शिसे निवृत्त होत नाही, त्याची केवळ बदली होते.

आता ह्या शिशाचा पूर्वेतिहास पाहू. १८५९ मध्ये गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे, एकमेकांस चिकटू नयेत अशा बेताने, वळकटीसारखे गुंडाळून गंधकाम्लात बुडविले, आणि पुनःपुन्हा भरता येईल असा विद्युत्संचय प्रथमच मनुष्याच्या हाती आला. १८८१ मध्ये कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन तिची शक्ती वाढविली. त्या काळी बॅटरी हेच गाडीचे इंजिन होते. १८९९ मध्ये ताशी १०० किलोमीटरांची मर्यादा ओलांडणारी पहिली मोटार बॅटरीवर धावणारीच होती. पुढे पेट्रोलने बाजी मारली; परंतु पेट्रोलच्या इंजिनास जागे करण्यासाठी समोरून लोखंडी हँडल फिरवावे लागे. एसटीच्या आणि मालमोटारींच्या जुन्या दिवसांतील हँडल मारणाऱ्या क्लीनरच्या गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. ते हँडल उलटा झटका देई, आणि मनगटे मोडत.

ह्या हँडलापासून जगाची सुटका केली ती चार्ल्स केटरिंग ह्या अमेरिकन अभियंत्याने. त्याची विजेची स्टार्टर मोटर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसली. इंजिनाशी झालेल्या स्पर्धेत हरलेली बॅटरी अशा रीतीने त्याच इंजिनाची द्वारपाल झाली. महाराष्ट्राशीही तिचे नाते पुढे जडले. आज एक्साइड ह्या नावाने चालणाऱ्या कंपनीने १९६९ मध्ये चिंचवडला कारखाना काढला, आणि १९९८ मध्ये स्टँडर्ड बॅटरीज ह्या जुन्या कंपनीचे कांजूरमार्ग व तळोजे येथील कारखानेही तिच्याकडे आले. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या गाडीतले शिसे ह्या गावांवरून गेले असेल.

येथे इतिहासाने एक विलक्षण योग जुळवून आणला आहे. ज्या केटरिंगने शिशाला बॅटरीच्या पेटीत बसवून मोटारीच्या सेवेस लावले, त्याच्याच हाताखाली काम करणाऱ्या टॉमस मिजली याने १९२१ मध्ये शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळले की इंजिनातील ठोके थांबतात असा शोध लावला. एकाच छताखालून शिसे दोन वाटांनी मोटारीत शिरले. बॅटरीतले शिसे पेटीत बंद राहिले, आणि काम संपताच परत मोजून घेता आले. पेट्रोलमधले शिसे धुराबरोबर उडाले. ते कोणाच्या अंगणात पडले, कोणाच्या रक्तात उतरले, याची नोंद कोणत्याच वहीत झाली नाही. १९२४ मध्येच न्यू जर्सीतील एका कारखान्यात ते संयुग करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले, तरीही विक्री कायमची थांबली नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. जगातील शेवटचा देश अल्जीरिया, तेथे २०२१ उजाडावे लागले. शिशाचे विष मुलांच्या मेंदूवर घाला घालते, आणि त्याची अमुक मात्रा निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही.

यावरून वाचकांनी असा समज करून घेऊ नये की बॅटरीचे शिसे सोज्ज्वळ आहे. ते जोवर हिशेबात आहे तोवरच सोज्ज्वळ आहे. शिसे अवघ्या ३२७ अंशांवर वितळते. त्यास मोठी भट्टी लागत नाही, लोखंडी कढई आणि कोळसा पुरतो. ह्या सोयीनेच घात केला आहे. वजावटीत घेतलेली जुनी बॅटरी रीतसर कारखान्यात न जाता एखाद्या वस्तीच्या मागे कुऱ्हाडीने फोडली जाते, आम्ल गटारात ओतले जाते, आणि कढईचा धूर शेजारच्या घरांत शिरतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे. भारतातील अशा मुलांची संख्या त्यात सुमारे साडेसत्तावीस कोटी दिली आहे. जुन्या बॅटऱ्यांचे असे बेहिशेबी गाळप हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते.

शासनाने येथे काही केले नाही असे नाही. २००१ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे बंधन विक्रेत्यांवर घातले आणि सहामाही विवरणपत्रे मागविली. २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले आणि परत आणण्याची जबाबदारी मुख्यतः उत्पादकावर टाकण्यात आली. विवरणपत्रांची चेष्टा करणे हा आम्हां कारकुनांचा जुना छंद आहे. परंतु शिशाच्या बाबतीत विवरणपत्र म्हणजे केवळ कागद नव्हे. ज्या शिशाची नोंद चुकली ते कोठेतरी कढईत उतरते; ज्याची नोंद राहिली ते पुन्हा बॅटरी होऊन येते. धातू तोच, आम्लही तेच. फरक फक्त खतावणीचा.

चंडीगडच्या आराखडाकारांनी कारखाने आणि घरे यांच्यामध्ये झाडे लावली, त्यामागील हेतू चांगलाच होता. परंतु झाडांच्या पट्ट्यामागे गेलेली वस्तू संपली, असे मानण्याची सवय शहरांना लवकर लागते. दृष्टीआड सृष्टी, असे आपल्याकडे म्हणतात. शिशाला हा न्याय लागू पडत नाही. ते दृष्टीआड झाले की दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात प्रकट होते, आणि ते अंगण बहुधा ज्याच्याकडे मोटार नाही अशा माणसाचे असते. यास्तव आमच्या वाचकांस, मग ते कोठल्याही प्रांती नेमणुकीवर असोत, एवढेच सुचवावेसे वाटते की जुनी बॅटरी देताना चार पैसे अधिक देणाऱ्या फिरत्या भंगारवाल्याकडे न जाता ती अधिकृत विक्रेत्याकडेच द्यावी, ती पुढे कोठे जाते हे विचारावे, आणि बिलावर तिची नोंद करून घ्यावी. सरकारी नोकराला पोच मागण्याची लाज नसते. ह्या एका व्यवहारात तरी ती सवय लोकांच्या लेकरांच्या कामी येईल.