मतदारसंघांची पुनर्रचना, भारतातील
जनगणनेत दिसून आलेले लोकसंख्येतील बदल लक्षात घेऊन विधिमंडळांतील जागांची वाटणी व मतदारसंघांच्या सीमा नव्याने ठरविण्याची प्रक्रिया. प्रत्येक मताचे मूल्य शक्यतो समान असावे, हे तिचे मूलतत्त्व होय. भारतीय संविधानाच्या ८२ व्या अनुच्छेदात लोकसभेसंबंधी व १७० व्या अनुच्छेदात राज्य विधानसभांसंबंधी तशी तरतूद आहे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी मतदारसंघांची आखणी राष्ट्रपतींच्या आदेशांन्वये झाली. पुढे १९५२, १९६२, १९७२ व २००२ च्या अधिनियमांनुसार त्यासाठी स्वतंत्र परिसीमन आयोग नेमण्यात आले. २००२ च्या अधिनियमानुसार सर्वोच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायाधीश आयोगाचे अध्यक्ष असतात. केंद्रीय व राज्य निवडणूक आयुक्त हे त्याचे सदस्य असतात. राज्यातील खासदार व आमदार सहयोगी सदस्य म्हणून साहाय्य करतात. मात्र त्यांना मताधिकार नसतो. भौगोलिक सलगता, प्रशासकीय घटकांच्या सीमा, दळणवळण व लोकांची सोय यांचा विचार करून आयोग प्रस्ताव प्रसिद्ध करतो आणि हरकती ऐकून अंतिम आदेश काढतो. या आदेशांना कायद्याचे बळ असते. ते संसदेपुढे ठेवले जातात, पण संसदेस त्यांत बदल करता येत नाही.

लोकसंख्येच्या प्रमाणात जागा देण्याच्या तत्त्वामुळे १९६१ च्या जनगणनेनंतर मद्रास राज्याच्या लोकसभेतील जागा ४१ वरून ३९ झाल्या. कुटुंबनियोजन यशस्वी करणाऱ्या राज्याचे प्रतिनिधित्व घटावे, हे न्याय्य नव्हे असा विचार पुढे बळावला. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांमधील जागांची वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठविण्यात आली. ८४ व्या घटनादुरुस्तीने (२००१) ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. तथापि राज्यांतर्गत सीमा बदलण्यास मुभा दिली. ८७ व्या घटनादुरुस्तीने (२००३) त्यासाठी २००१ ची जनगणना आधारभूत ठरविली.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने केलेली पुनर्रचना २००८ मध्ये अंमलात आली. महाराष्ट्रातील विधानसभेच्या जागा २८८ च राहिल्या. परंतु तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील मतदारसंघ १३ वरून २४ झाले. शहरांकडे वळलेल्या लोकसंख्येचा हा परिणाम होय. एकूण संख्या स्थिर असल्याने ही वाढ अन्य जिल्ह्यांच्या जागा कमी करूनच होऊ शकली. अनुसूचित जातींसाठी राखीव जागा १८ वरून २९, तर अनुसूचित जमातींच्या २२ वरून २५ झाल्या.

गोठवणुकीने राज्यांचा परस्पर समतोल राखला. मताच्या मूल्यातील अंतर मात्र वाढत गेले. १९७१ मध्ये लोकसभेच्या एका जागेमागे तमिळनाडूत सु. १०·६ लाख व राजस्थानात सु. १०·३ लाख लोकसंख्या होती. जागा अनुक्रमे ३९ व २५ अशा कायम राहिल्याने २०११ मध्ये हेच प्रमाण सु. १८·५ लाख व सु. २७·४ लाख झाले. म्हणजे राजस्थानातील मतदाराच्या मताचे वजन तमिळनाडूच्या तुलनेत सु. दोन-तृतीयांश उरले. उलटपक्षी केवळ लोकसंख्येवरून फेरवाटणी केल्यास लोकसंख्यावाढ रोखणाऱ्या राज्यांचा संसदेतील वाटा घटतो. नागरिकांची समता व संघराज्यातील घटकांचा समतोल या दोन्ही न्याय्य तत्त्वांची सांगड घालणे, हा या विषयातील मूलभूत प्रश्न आहे. केवळ आयोगाच्या गणिताने तो सुटणारा नाही. त्यासाठी राज्याराज्यांत राजकीय सहमती आवश्यक ठरते.