अटभंगाचा महसूल

पहिल्या जेम्स राजाच्या सरकारने 1610 साली उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतातल्या जमिनी वाटायला काढल्या, तेव्हा त्यांच्या अटी छापून प्रसिद्ध केल्या होत्या. जमीन घेणाऱ्याने काय बांधायचे, किती माणसे आणायची, कोणाला कूळ म्हणून ठेवायचे आणि कोणाला पाऊलही ठेवू द्यायचे नाही, हे सगळे त्यात कलमवार सांगितले होते. सर्वांत कडक कलम कुळांबद्दलचे होते. इंग्लंड-स्कॉटलंडहून येणाऱ्या मोठ्या सनददारांनी आपल्या जमिनीवर आयरिश कूळ ठेवायचे नाही, आधीपासून राहणाऱ्यांना हलवायचे आणि त्यांच्या जागी ब्रिटिश कुटुंबे वसवायची. ही अट पहिल्या हंगामापासून मोडली गेली, उघडपणे मोडली गेली आणि पुढची तीस वर्षे मोडली जात राहिली. या घटनेकडे सहसा फसलेले धोरण म्हणून पाहिले जाते: राजाने ठरवले एक, सनददारांनी केले दुसरे. पण अटींचा मसुदा आणि त्यानंतरचे हिशेब शेजारी ठेवून वाचले तर वेगळेच चित्र दिसते. अट पाळली जाण्यापेक्षा ती मोडली जाण्यातच राजाच्या तिजोरीचा फायदा होता, आणि त्या फायद्याची सोय 1610 च्या कागदातच होती.

जमीन राजाकडे आली कशी, ते आधी थोडक्यात. अल्स्टरच्या सरदारांनी इंग्रज राजसत्तेविरुद्ध लढलेले नऊ वर्षांचे युद्ध 1603 मध्ये संपले आणि सप्टेंबर 1607 मध्ये टिरोनचा अर्ल ह्यू ओनील आणि टिरकॉनेलचा अर्ल रोरी ओडॉनेल रॅथमलनच्या किनाऱ्यावरून जहाजात बसून युरोपकडे निघून गेले. पुढच्याच वर्षी काहिर ओडॉहर्टीने बंड करून डेरी जाळले. आर्मा, कॅव्हन, कोलरेन, डोनेगल, फर्मना आणि टिरोन या सहा काउंट्या सरकारजमा झाल्या. गेलेल्या सरदारांच्या जमिनी जप्त करणे कायद्याने सोपे होते. अवघड प्रश्न त्यांच्या हाताखाली पिढ्यान्‌पिढ्या जमीन धरून असलेल्या घराण्यांचा होता. तो अॅटर्नी जनरल सर जॉन डेव्हिस याने निकालात काढला. 1606 आणि 1608 च्या खटल्यांमध्ये गेलिक, म्हणजे जुन्या आयरिश, वारसापद्धती इंग्रजी कायद्यात बसत नाहीत असा निर्णय झालाच होता. 1610 मध्ये कॅव्हनच्या रहिवाशांनी डब्लिनच्या परिसरातला वकील उभा करून आपला वंशपरंपरागत हक्क मांडला, तेव्हा डेव्हिसने उत्तर दिले की ज्याला इंग्रजी कायदा मालकी म्हणतो ती या लोकांकडे कधी नव्हतीच. पुढे जे घडले त्याचा पाया हाच आहे. जमिनीवर असलेला माणूस एका दिवसात हक्कदाराचा तात्पुरता रहिवासी झाला. आता तो तिथे राहणे म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी अटभंग.

आता अटींकडे येऊ. जमिनीचे 1000, 1500 आणि 2000 एकरांचे तुकडे पाडले गेले. 2000 एकर घेणाऱ्याने किल्लेवजा वाडा आणि त्याभोवती 'बॉन' म्हणजे तटबंदीचे आवार बांधायचे, 1500 वाल्याने दगडी किंवा विटांचे घर आणि बॉन, 1000 वाल्याने निदान बॉन तरी. दर 1000 एकरांमागे 24 धडधाकट पुरुष आणायचे, त्यांत किमान 10 कुटुंबे हवीत. या दहा कुटुंबांची वाटणीसुद्धा ठरलेली होती: मालकाची खुदकास्त 300 एकर, दोन कायमधारकांना प्रत्येकी 120, तीन मुदतीच्या पट्टेदारांना प्रत्येकी 100, आणि उरलेल्या 160 एकरांत चार कुटुंबे शेतकरी, कारागीर किंवा झोपडीवाल्यांची. कुळांना पट्टा निश्चित मुदतीचा द्यायचा. मर्जीवर ठेवलेले कूळ चालणार नाही. सनददाराने पाच वर्षे तिथे राहायचे, शस्त्रे बाळगायची, राजा हाच चर्चचा प्रमुख अशी शपथ घ्यायची. हे सगळे पाळण्याची हमी म्हणून लहान तुकड्यासाठी 200, मधल्यासाठी 300 आणि मोठ्यासाठी 400 पौंडांचे बंधपत्र लिहून द्यायचे. कागदावर बसून गाव वसवणाऱ्या माणसाचा आत्मविश्वास या आकड्यांत ओसंडून वाहतो.

पण खरा खुलासा सरकारी साऱ्याच्या दरात आहे. ब्रिटिश सनददाराला 1000 एकरांमागे वर्षाला 5 पौंड 6 शिलिंग 8 पेन्स भरायचे होते, तेही सुरुवातीची काही वर्षे माफ. दुसरा वर्ग सर्व्हिटरांचा, म्हणजे आयर्लंडमध्ये राजाची लष्करी किंवा मुलकी चाकरी केलेल्यांचा. त्यांना आयरिश कुळे ठेवायची मुभा होती आणि त्या जमिनीचा सारा 8 पौंड. ब्रिटिश कुळे वसवली तर तोच 5 पौंड 6 शिलिंग 8 पेन्सांवर उतरे. तिसरा वर्ग ज्यांना जमीन द्यायला सरकार राजी झाले त्या आयरिश लोकांचा. त्यांच्या वाट्याला सुमारे पाचवा हिस्सा आला आणि सारा 10 पौंड 13 शिलिंग 4 पेन्स, म्हणजे ब्रिटिश सनददाराच्या बरोबर दुप्पट. सर्व्हिटरांच्या दोन दरांमधला फरक 2 पौंड 13 शिलिंग 4 पेन्सांचा. 1000 एकरांवर आयरिश कूळ ठेवण्याची ती वार्षिक किंमत होती आणि ती स्वतः सरकारने छापली होती. एका वर्गाला जे पैसे देऊन करता येते ते दुसऱ्या वर्गाला पूर्ण निषिद्ध, अशी रचना केली की निषेधाचे रूपांतर किमतीत व्हायला फार काळ लागत नाही. अल्स्टरमध्ये 18 वर्षे लागली.

सनददारांनी अट मोडली ती हव्यासापोटी, हे उत्तर अपुरे आहे. हव्यास होताच, पण अटींनीच त्यांच्यापुढे दुसरा मार्ग फारसा ठेवला नव्हता. वाडा, बॉन आणि माणसे आणण्याचा खर्च आधी करायचा होता, उत्पन्न नंतर. समुद्र ओलांडून येणारी कुटुंबे पुरेशी नव्हती. शिवाय हातात पडलेली जमीन कागदापेक्षा कितीतरी मोठी होती. मोजणी गेलिक परिमाणांवरून झाली, टिरोन-आर्माकडचा 'बॅलीबो' हा घटक साठ एकरांचा धरला गेला, आणि त्यात दलदल, रान, डोंगर मोजलेच नाहीत. हजार एकरांच्या सनदेत प्रत्यक्षात अनेक हजार एकर सामावलेले असत. एवढ्या जमिनीला दहा कुटुंबे कुठे पुरणार? याउलट आयरिश माणूस तिथे होताच. त्याची गुरे होती आणि जमिनीवर टिकून राहण्यासाठी ब्रिटिश कुळापेक्षा जास्त खंड द्यायला तो तयार होता. नव्या मालकाला पहिल्या हिवाळ्यात धान्य, दूध आणि मजूर त्याच्याकडूनच मिळाले. अशा वेळी त्याला हाकलणे म्हणजे वाडा बांधायच्या पैशाचाच झरा बुजवणे.

लंडन आणि डब्लिनला हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. 1611 मध्ये सर जॉर्ज कॅर्यूने पाहणी केली, 1613 मध्ये सर जोशायस बोडलीने, 1618-19 मध्ये निकोलस पिनरने, आणि 1622 मध्ये एका संपूर्ण आयोगाने. किती भिंत उभी राहिली, किती कुटुंबे आली, किती आयरिश अजून आहेत, याच्या इस्टेटवार नोंदी झाल्या. पिनरने सहा काउंट्यांत 1974 ब्रिटिश कुटुंबे मोजली. त्याच्या अहवालातले सर्वांत मोलाचे निरीक्षण मात्र डोकी मोजण्याचे नाही. इंग्रज कुळे नांगर धरायला कचरतात, आयरिश लोक आपला मुक्काम किती दिवसांचा हे माहीत नसल्याने पेरत नाहीत आणि गुरे चारतात, स्कॉटिश कुळे नांगरतात म्हणून हा मुलुख उपाशी मरत नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. इतके ठाऊक असूनही आयरिश कुळांच्या स्थलांतराची तारीख पुढे ढकलली गेली, पुन्हा ढकलली गेली. 1618 मध्ये जाहीरनामा निघाला, त्यात दंडाची भर पडली, आणि लोक जिथल्या तिथे राहिले. पाहण्या अंमलबजावणीसाठी होत्या असे मानले तर त्या चारही वाया गेल्या. कोणाकडून कशाबद्दल किती वसूल करता येईल याची खातेवही म्हणून पाहिल्या, तर एकही वाया गेली नाही.

यावर आक्षेप येईल की राजाच्या हेतूंवर एवढा संशय घेणे अन्यायाचे आहे. जेम्सला प्रॉटेस्टंट वस्ती खरोखर हवी होती, त्यासाठी त्याने स्वस्त सारा आणि फुकट लाकूड दिले, आणि तारखा ढकलल्या त्या व्यवहार पाहून. हा आक्षेप हलका नाही. आयर्लंडमधला राजाचा प्रतिनिधी, लॉर्ड डेप्युटी सर आर्थर चिचेस्टर याचे तर मत होते की आधी आयरिश रहिवाशांना झेपेल तेवढी जमीन द्यावी आणि मग उरलेली बाहेरच्यांना. त्याला ही अट पहिल्यापासून अव्यवहार्य वाटत असल्यास नवल नाही. 1610 मध्ये कोणी कपट रचून बसले होते असे माझे म्हणणे नाही. पण एखादी अट कशासाठी लिहिली आणि ती पुढे कशासाठी राखून ठेवली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अव्यवहार्य ठरलेली अट रद्द करता येते किंवा सक्तीने लागू करता येते. सरकारने दोन्ही केले नाही. त्याच काळात दुसऱ्या एका बंदीचे काय झाले ते पाहावे. घोड्याच्या शेपटीला नांगर बांधून नांगरण्याची जुनी आयरिश पद्धत रानटी ठरवून नांगरामागे 10 शिलिंग दंड लावण्यात आला. मग तो दंड वसूल करण्याचा मक्ता वार्षिक रकमेवर एका अधिकाऱ्याला दिला गेला. मक्तेदाराच्या दृष्टीने शेपटीचा नांगर बंद पडणे हे नुकसान होते. 1613 मध्ये आयरिश लोकांनी राजाकडे मांडलेल्या गाऱ्हाण्यांत हा दंडही होता. घोड्याच्या वेदनेची काळजी कोणाला किती होती, ते वेगळे सांगायला नको.

संशयाला जागाच उरत नाही ती 1628 मध्ये. जेम्सनंतर राजा झालेला पहिला चार्ल्स स्पेन आणि फ्रान्सशी एकाच वेळी लढत होता आणि खजिना रिकामा होता. आयर्लंडच्या जमीनदारांशी त्याने सौदा केला: तीन वर्षांत 1,20,000 पौंड आणि त्या बदल्यात सवलतींची मोठी यादी. अल्स्टरच्या सनददारांना नव्या सनदा देऊ केल्या गेल्या. 1000 एकरांमागे 30 पौंड एकरकमी भरायचे, सारा दुप्पट द्यायचा, आणि मग इस्टेटीच्या एक चतुर्थांश भागावर आयरिश कुळे कायदेशीरपणे ठेवता येतील. दुप्पट सारा म्हणजे 10 पौंड 13 शिलिंग 4 पेन्स. अठरा वर्षांपूर्वी आयरिश धारकांवर बसवलेला दर नेमका तोच. चतुर्थांशाची कल्पना 1622 च्या आयोगाच्या कामातून आली होती, म्हणजे पाहणीचा निष्कर्ष भाव ठरवायला उपयोगी पडला. उरलेल्या तीन चतुर्थांशावर बंदी कायम राहिली आणि तिथेही आयरिश कुळे राहिलीच. पुढच्या सौद्यासाठी माल शिल्लक होता.

ज्याने वेळेवर सौदा केला नाही त्याचे काय झाले, ते लंडन शहराने अनुभवले. 1613 च्या सनदेने कोलरेन काउंटी वाढवून तिची लंडनडेरी करण्यात आली आणि ती शहराच्या व्यापारी संघांकडे सोपवली गेली. संघांनी डेरीला तट बांधले, पण आयरिश कुळे हलवली नाहीत आणि ठरल्याइतकी घरेही बांधली नाहीत. लिमावॅडीचा सर थॉमस फिलिप्स वर्षानुवर्षे त्यांच्याविरुद्ध पुरावे गोळा करून लंडनला पाठवत राहिला. 1635 मध्ये स्टार चेंबर या राजाच्या न्यायालयाने शहराला 70,000 पौंड दंड ठोठावून सनद रद्द केली. आक्षेपक म्हणतील की हा निकाल राजकीय होता. चार्ल्सला संसदेशिवाय राज्य करायचे होते, पैसा हवा होता आणि श्रीमंत शहर सापडले. अगदी बरोबर, आणि माझा मुद्दाही हाच आहे. संघांचा अटभंग 1635 चा नव्हता. वीस वर्षे तो अहवालांत नोंदला जात होता. त्यातून पैसा काढण्याची वेळ तेव्हा आली. पुढे दंड 12,000 पौंडांवर तुटला, म्हणजे त्यातही घासाघीस झाली. राजाला हा व्यवहार महागात पडला. दुखावलेल्या शहराने राजा आणि संसद यांच्यातल्या पुढच्या संघर्षात संसदेची बाजू धरली, त्यामागच्या कारणांत अल्स्टरचा हा निकाल मोजला जातो. 1641 मध्ये संसदेने निकाल बेकायदा ठरवला आणि 1662 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने सनद परत केली.

या सगळ्या देवघेवीत ज्याच्या नावाने किंमत लागत होती त्याला काय मिळाले? सनददाराच्या जमिनीवरच्या आयरिश कुळाला लेखी पट्टा देणे म्हणजे अटभंगाचा पुरावा स्वतःच्या सहीने लिहून देणे. म्हणून करार तोंडी, वर्षावर वर्ष, आणि खंड जास्त. कुळांना निश्चित मुदत द्या, मर्जीवर ठेवू नका, असे सांगणारे कलम आणि आयरिश कूळ ठेवू नका असे सांगणारे कलम एकाच कागदावर होते. दुसऱ्याने पहिल्याचे संरक्षण आयरिश माणसापुरते काढून घेतले. अट मोडण्याचा खर्च सनददाराने राजाला दिला आणि खंडाच्या रूपाने कुळाकडून भरून घेतला.

शेवटचा आक्षेप 1641 च्या ऑक्टोबरमधल्या आयरिश उठावाचा. अट कडकपणे पाळली असती, आयरिश कुळे वेळीच हलवली असती, तर उठाव झालाच नसता, असे त्या काळी बोलले गेले आणि नंतरही. सामान्य कुळे उठावात मोठ्या संख्येने होती, आणि त्यांना बेदखलीची भीती आणि वाढत्या खंडाचा राग होता, हे मान्य करायलाच हवे. पण अल्स्टरमध्ये पुढाकार घेणाऱ्यांकडे पाहिले तर हिशेब उलटा पडतो. टिरोनमधल्या किनार्डचा सर फेलिम ओनील आणि फर्मनाचा लॉर्ड मॅग्वायर हे तोंडी करारावर राहणारे कूळ नव्हते. राजाच्याच व्यवस्थेत कायदेशीर जमीन मिळालेल्या आयरिश घराण्यांतले ते होते, दुप्पट सारा भरणाऱ्या वर्गातले. फेलिमच्या जमिनी 1641 पर्यंत मोठ्या प्रमाणावर गहाण पडल्या होत्या.