चालते वर्तमानपत्र : सेवाग्राम, १९४०

मराठी वृत्तपत्रांची नावे ही लोकांच्या अपेक्षांचीही नोंद असते. ‘दर्पण’ (१८३२) या नावात समाजाचे यथार्थ प्रतिबिंब अभिप्रेत आहे, तर ‘केसरी’ (१८८१) या नावात सत्तेला ऐकू जाईल अशी गर्जना. दोन्ही रूपकांत वाचकाच्या वाट्याला मात्र पाहणाऱ्याची वा ऐकणाऱ्याचीच भूमिका येते. १९४० साली सेवाग्राममध्ये या वाटणीलाच छेद गेला.

गांधींचे ‘हिंद स्वराज्य’ (१९०९) हे वाचक आणि ‘अधिपती’, म्हणजे संपादक, यांच्या संवादाच्या रूपात आहे. लोकभावना जाणून ती व्यक्त करणे, लोकांत इष्ट भावना जागविणे आणि लोकांचे दोष निर्भयपणे दाखविणे, ही वृत्तपत्राची तीन कार्ये तेथे आरंभीच सांगितली आहेत. त्यांपैकी तिसरे वाचकाच्या आवडीविरुद्धही जाऊ शकते, म्हणून ते विशेष महत्त्वाचे. तथापि प्रश्न वाचकाचा आणि उत्तर अधिपतीचे, ही रचना तेथे अबाधित राहते. ‘हरिजन’मध्ये वाचकांच्या प्रश्नांना सेवाग्रामहून दिलेली उत्तरे याच रचनेतील होत.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनार येथे वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. लगेच दुसऱ्या दिवशी, या सत्याग्रहाचा वृत्तान्त सरकारी सल्लागारास दाखविल्याविना छापू नये, अशी सूचना ‘हरिजन’च्या संपादकांना मिळाली. पूर्वतपासणी स्वीकारण्याऐवजी गांधींनी ‘हरिजन’ व त्याची हिंदी-गुजराती भावंडे स्थगित केली आणि प्रत्येकाने स्वतःच चालते वर्तमानपत्र व्हावे, असे आवाहन केले. अट एकच होती : शेजाऱ्याला सांगावयाचे ते खात्रीलायक ऐकलेलेच असावे.

येथे वाचकच अधिपती होतो आणि ती तिन्ही कार्ये त्याच्याकडे येतात. अशा वर्तमानपत्रावर बंदी घालणे अशक्य होते, हे त्याचे बळ. परंतु छापील चूक पुढील अंकात दुरुस्त करता येते. मौखिक वार्तेला पुढचा अंक नसतो. तिची सत्यता सांगणाऱ्याच्या चारित्र्यावरच अवलंबून राहते. वार्ता आणि अफवा यांतील सीमारेषा सांभाळण्याचे कामही त्यामुळे त्याच्यावरच येते.

जानेवारी १९४२मध्ये ‘हरिजन’ पुन्हा निघू लागले; त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरकारने ते बंद पाडले. आज भ्रमणध्वनीमुळे जवळजवळ प्रत्येक जण चालते वर्तमानपत्र झाला आहे. सेवाग्रामची अट मात्र मागे पडली आहे. लोक प्रसारमाध्यमांकडून सत्याची अपेक्षा करतात. १९४०च्या त्या प्रसंगी तीच अपेक्षा लोकांकडून केली गेली होती.