लेसजोडणी, हातविणीच्या लेसची

हाताने विणलेली लेस कापडाच्या कडेला, दोन कापडांच्या मध्ये किंवा कापडाच्या अंगावर सुईदोऱ्याने अथवा शिलाई मशीनने बसवण्याचे काम. क्रोशाच्या सुईने विणलेली, बॉबिनांवर दोरे गुंफून केलेली, टॅटिंगच्या शटलने गाठी मारत नेलेली आणि नुसत्या शिवणाच्या सुईने भरलेली असे हातलेसचे मुख्य प्रकार आहेत. महाराष्ट्रातल्या घरांत यांपैकी क्रोशाचीच लेस सर्वांत जास्त होते. रुखवतात मांडायचे टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, ताटावर झाकायचे रुमाल, बाळाची झबली-टोपडी यांना ती लावली जाते. म्हणून या नोंदीत क्रोशाकडे अधिक लक्ष दिले आहे.

या कामाचे सगळे नियम एका गोष्टीतून निघतात. चांगल्या दोऱ्याची हातलेस ज्या कापडाला लावायची त्याच्यापेक्षा बहुधा जास्त वर्षे टिकते. अभ्रा डोक्याखाली विरतो, रुमाल धुऊन धुऊन फाटतो, लेस मात्र शाबूत राहते. तेव्हा जोड अशी हवी की कापड गेले तरी लेस अखंड उसवून घेता येईल. ओढ बसली तर आधी शिवणीचा दोरा तुटावा, लेसचा नव्हे. त्यासाठी शिवणीचा दोरा लेसच्या दोऱ्यापेक्षा बारीक आणि सुती घ्यावा. पॉलिएस्टरचे रीळ दुकानात सहज मिळते आणि पक्केही वाटते, पण सुती लेसला ते जाचते. उशी ओढली की टाका तसाच राहतो आणि विणीतला खांब तुटतो. आठवडे खपून केलेल्या विणीचे असे नुकसान निव्वळ रिळाच्या निवडीमुळे व्हावे, हे फार वाईट.

युरोपात ही समज जुनी आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत तिथे लेस कपड्यापेक्षा महाग असे. गळपट्ट्या आणि बाह्यांच्या झालरी कच्च्या टाक्यांनी लावत, धुण्याआधी काढून घेत आणि पोशाखाची तऱ्हा बदलली की नव्या पोशाखावर चढवत. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८४० साली लग्नात पांढऱ्या सॅटिनवर होनिटन लेस लावलेला पोशाख घातला होता. ती लेस डेव्हन परगण्यातल्या बीअर गावात झाली होती. राणीने ती पुढे आयुष्यभर वेगवेगळ्या पोशाखांवर वापरली. १८९७ च्या हीरक महोत्सवासाठी जे अधिकृत छायाचित्र प्रसिद्ध झाले त्यातही लग्नातली लेस तिच्या अंगावर आहे. सॅटिनचा घागरा एका प्रसंगापुरता झाला आणि लेस अर्ध्या शतकाहून अधिक काळ फिरत राहिली, ती उसवता येत होती म्हणूनच.

होनिटनच्या कारागिरीत जोडणीचा आणखी एक प्रकार दिसतो. जॉन हीथकोट याने १८०९ साली बॉबिननेट विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि एकसारखी जाळी स्वस्त झाली. त्यानंतर फुले-पाने बॉबिनांवर हाताने करायची आणि ती यंत्राच्या जाळीवर बारीक टाक्यांनी बसवायची, अशी रीत पडली. ब्रसेल्समध्येही हेच झाले. फुलाची कड जाळीला धरून घ्यायची, टाका विणीतल्या जाड दोऱ्याच्या आड दडवायचा आणि हवे तिथे फुलामागची जाळी कापून टाकायची, असे हे काम असे. उत्तम नमुन्यात हाताचे काम कुठे संपले आणि यंत्राची जाळी कुठे सुरू झाली हे भिंगाशिवाय कळत नाही.

भारतात ही कला मुख्यतः मिशनऱ्यांच्या शाळांतून रुजली. दक्षिण त्रावणकोरातल्या नागरकोइल येथे मार्था मॉल्ट यांनी १८२० च्या सुमारास मुलींना बॉबिन लेस शिकवायला सुरुवात केली. आंध्रातल्या नरसापूर भागात क्रोशाच्या लेसचा घरोघर चालणारा मोठा धंदा उभा राहिला. तिथे काही बायका फक्त फुले विणतात आणि दुसऱ्या ती एकमेकांना जोडून टेबलक्लॉथ किंवा चादर तयार करतात. मारिया मीस यांच्या १९८२ सालच्या अभ्यासात या विभागणीचे आणि बायकांच्या हातात पडणाऱ्या तुटपुंज्या मजुरीचे सविस्तर वर्णन आहे. नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्यातल्या चर्चमध्ये वेदीवरच्या पांढऱ्या वस्त्राला क्रोशाची रुंद लेस लावतात. ते वस्त्र वारंवार धुवावे लागत असल्याने तिथे जोड सुबक आणि सुटण्याजोगी असणे विशेष महत्त्वाचे ठरते.

पूर्वतयारी. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. आधी न भिजवता लेस लावली तर कापड आखडते आणि लेस झोल देऊन लोंबते. लेसच आटली तर उलट होते, कापडाला चुण्या पडतात. म्हणून दोन्ही वेगवेगळी कोमट पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून घ्यावीत. लेस सपाट पसरून तिचा एकेक कंगोरा टाचणीने जागेवर बसवून वाळवली तर विणीतले वाकडेपण जाते. खळ द्यायची तर जोड झाल्यावर द्यावी. खळीच्या लेसमधून सुई नीट जात नाही.

मापाबाबत एकच सांगायचे, लेस ताणून लावू नये. हातात धरली की क्रोशाची वीण आपोआप लांबते आणि शिवल्यावर मूळ मापावर येऊ पाहते. कापडाच्या कडेचे आणि लेसचे आठ-आठ समान भाग करून खुणेला खूण टाचावी म्हणजे ताण एका जागी साठत नाही. चुणीदार झालर हवी असेल तर लेस कडेच्या दीडपट धरतात.

हाताने जोडणे. अभ्र्याचे उदाहरण घेऊ. कापडाची कड दोनदा दुमडून अर्धा सेंटिमीटरची हेम घालून घ्यायची. लेसची सुलट बाजू कापडाच्या सुलट बाजूवर ठेवायची. लेसची सरळ कड आणि हेमेची दुमड बरोबर एका रेषेत हवी. लेस आपल्याकडे आणि कापड पलीकडे धरले की शिवता शिवता लेस किंचित सैल पडत जाते आणि हवे तेवढेच सैलपण मिळते. आता दुमडीवरून तिरपे टाके घ्यायचे. प्रत्येक टाक्यात दुमडीतले एक-दोनच धागे आणि लेसच्या शेवटच्या ओळीतल्या मुक्या खांबाच्या माथ्यावरचे दोन्ही दोरे उचलायचे. एकच दोरा उचलला तर त्या खांबाचे डोके ओढले जाते आणि ओळीत भोक दिसू लागते. टाक्यांमधले अंतर तीन ते चार मिलिमीटर पुरते. दोरा आवळायचा नाही. शिवून झाल्यावर लेस उलगडून जोडावर नखाने दाब दिला की दोन्ही कडा शेजारी सपाट बसल्या पाहिजेत. मध्ये वरंबा उठला तर टाके घट्ट झाले आहेत असे समजावे.

यासाठी लेस विणतानाच सरळ कडेला मुक्या खांबांची एक सलग ओळ घालून ठेवावी. नुसत्या साखळ्यांच्या कमानी कापडाला टाचल्या तर सगळा भार कमानींच्या टोकांवर येतो. बॉबिन लेसची कड पातळ असते, तिला तिरप्या टाक्यांऐवजी बारीक काजे टाके शोभतात. दुसऱ्या एका पद्धतीत प्रत्येक टाक्याबरोबर कापडाचे धागे आवळून लहान लहान छिद्रे पाडतात, त्यामुळे जोडाचीच एक जाळीदार रेघ होते.

कोपरा हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे आणि घरच्या कामात बहुतेक चुका इथेच होतात. चौकोनी कापडाच्या प्रत्येक कोपऱ्यावर लेसची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लेसच्या रुंदीच्या दुप्पट जास्त लांब लागते. लेस तीन सेंटिमीटर रुंद असेल तर कोपऱ्यागणिक सहा सेंटिमीटर. ती न दिल्यास कोपरा वाटीसारखा वर वळतो आणि कितीही इस्त्री केली तरी बसत नाही. लेस कोपऱ्यासकट विणणे सगळ्यांत चांगले. तयार पट्टी असेल तर आतली कड कोपऱ्यावर चुण्या घालून गोळा करतात किंवा तिरकी घडी घालून जोडतात. घडी घातली तरी जादा लेस कापून टाकू नये, मागे टाचून ठेवावी. गोल टेबलक्लॉथला हीच वाढ सगळ्या घेरात वाटली जाते. ती सव्वासहा पट रुंदीच्या आसपास येते, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या लेसला जेमतेम एकोणीस सेंटिमीटर. टेबलक्लॉथ लहान असो की मोठा, हा आकडा तोच राहतो. मात्र लहान गोलात तो थोड्या लांबीत मुरवायचा असल्याने चुण्या अधिक उठून दिसतात.

मशीनने जोडणे. यात लेसचा अपमान आहे असे मानण्याचे कारण नाही. रोज धुवायच्या वस्तूंना मशीनची टीपच बरी. झिगझॅग असेल तर लेस आणि कापड कडेला कड लावून ठेवतात. सुईचा एक झोका कापडात आणि एक लेसच्या कडेत पडेल अशी रुंदी दोन-तीन मिलिमीटर आणि टाक्याची लांबी एक ते दीड मिलिमीटर ठेवतात. साध्या मशीनवर लेसची सरळ कड हेमेवर चढवून मुक्या खांबांच्या ओळीतून सरळ टीप मारतात. मलमल, कॅम्ब्रिक अशा कापडांना ११ नंबरची सुई पुरते. १६ नंबरची जाड सुई विणीतले दोरे फोडत जाते.

मशीनवर अडचणी दोन येतात. खालचे दात विणीच्या भोकांत अडकतात, म्हणून खाली पातळ कागद ठेवून शिवावे आणि नंतर कागद फाडून काढावा. वरून प्रेशर फूट लेसला मागे रोखतो आणि ताणतो, शिवाय त्याची टोके साखळ्यांत घुसतात. फुटाच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळली तर ती अडकत नाहीत. टाचण्यांवर विसंबण्यापेक्षा आधी हाताने कच्चा दोरा घालून घ्यावा. दहा मिनिटे जास्त जातात, पण उसवण्याचा तास वाचतो.

कापडाच्या मधोमध लेस बसवायची असेल तर ती आधी कापडावर ठेवून दोन्ही कडांना शिवतात. मग उलट बाजूने फक्त कापड मध्यावर कापतात, दोन्ही पाती मागे दुमडतात आणि पुन्हा शिवतात. कात्री चालवताना लेस आणि कापडाच्या मध्ये पुठ्ठा सरकवून ठेवावा.

कापडातूनच विणणे. रुमालाच्या कडेला क्रोशाची बारीक सुई टोचून तिथूनच विणायला सुरुवात करण्याची रीत आपल्याकडे फार आहे. कापड दाट असेल तर मशीनमध्ये दोरा न घालता जाड सुईने, टाका मोठा ठेवून हेमेवर भोके पाडून घेतात. ती समान अंतरावर येतात आणि क्रोशाची सुई सहज शिरते. कोपऱ्यावर एकाच भोकात तीन मुके खांब घातले की लेस वळण घेते. रुमालाला ही रीत उत्तम आहे. रुंद, नक्षीदार लेससाठी मात्र ती टाळावी, कारण तिथे लेसची पहिली ओळच कापडात गुंतलेली असते आणि कापड विरले की लेस सोडवताना ती ओळ गमवावी लागते.

बाळाच्या झबल्याला लेस लावताना जोडाची जाड बाजू बाहेर ठेवावी आणि गळ्याशी कमानींची लेस लावूच नये. बाळाची बोटे तिच्यात अडकतात.

जुनी लेस उतरवताना दोरे लेसच्या बाजूने कापू नयेत. कापडाच्या बाजूने टाका तोडून एकेक काढावा. उसवायची लांबी फार असेल तर कापडच जोडाच्या अलीकडे कापून घ्यावे आणि उरलेले धागे भिजवून ओढावेत. नंतर लेस धुऊन, टाचण्यांनी सपाट वाळवून नव्या कापडाला लावता येते. नवे कापड मात्र त्याआधी दोनदा धुतलेले असावे, कारण लेसचे आटणे कधीच होऊन गेलेले असते आणि कापडाचे अजून व्हायचे असते.