तुरुंगातलं व्याकरण

इंग्रजी निबंधाच्या कुठल्याही गाईडात मागच्या पानांवर एक यादी असते. मोअरओव्हर, हाउएव्हर, देअरफोर, ऑन दि अदर हँड वगैरे. मुलं ती पाठ करतात आणि भेळेवर शेव भुरभुरावी तशी निबंधावर भुरभुरतात. आम्ही शिकवत होतो तेव्हाही हेच होतं, आता नातवंडांच्या वह्यांतही तेच दिसतं. "आज खूप पाऊस आहे. देअरफोर माझे वडील शेतकरी आहेत." व्याकरणाची चूक काढायला गेलात तर सापडणार नाही. पण त्या 'देअरफोर'ने जे जोडायचं ते जोडलेलंच नाही!

तर मंडळी, या जोडशब्दांपायी, म्हणजे आपल्या व्याकरणातल्या उभयान्वयी अव्ययांपायी, एका माणसाने किती खटपट केली त्याची हकिगत आज सांगतो.

त्याआधी दोन शब्द जॉन लॉकबद्दल. १६९० सालच्या त्याच्या मानवी आकलनावरच्या मोठ्या ग्रंथात एक छोटंसं प्रकरण या अव्ययांवर आहे. त्याचं म्हणणं असं की नामं वस्तू दाखवतात, पण ही बारकी अव्ययं बोलणाऱ्याच्या मनाची हालचाल दाखवतात: इथे मन थांबलं, इथे वळलं, इथे त्याने हरकत घेतली. एकट्या 'बट'चे त्याने निरनिराळे अर्थ काढून दाखवले आहेत. प्रकरण अगदी आखूड आहे, पण इंग्रजीच्या शिक्षकांनी ते वाचावंच असं मला वाटतं.

आता आपला नायक. नाव जॉन हॉर्न. बाप लंडनचा कोंबड्या-बदकं विकणारा. शाळेतल्या बड्या घरच्या पोरांनी विचारलं तर हा म्हणे 'टर्की मर्चंट' असं सांगायचा. ऐकणाऱ्याने तुर्कस्तानशी व्यापार समजावा, हा टर्की पक्ष्याबद्दल खरंच बोलतोय! शब्दांशी खेळायची खोड अशी लहानपणापासूनची. पुढे तो पाद्री झाला, पण मन राजकारणातच.

१९ एप्रिल १७७५ ला अमेरिकेत लेक्सिंग्टन आणि काँकर्डला इंग्रज सैन्य आणि तिथले वसाहतवाले यांची चकमक झाली. जूनमध्ये हॉर्नच्या मंडळाने ठराव केला की मेलेल्या अमेरिकनांच्या विधवा-पोरक्यांसाठी शंभर पौंड जमवावेत, आणि तो वर्तमानपत्रांत छापला. त्यात राजाच्या सैन्याने या लोकांचा खून केला असं स्पष्ट म्हटलं होतं. सरकार कसं सोडणार? १७७७ साली लॉर्ड मॅन्सफील्डपुढे खटला चालला. हॉर्नने स्वतःची बाजू स्वतःच मांडली. शिक्षा झाली एक वर्ष कैद आणि दोनशे पौंड दंड.

खरी गंमत पुढे आहे. आरोपपत्रात आवश्यक ती गोष्ट ठामपणे मांडलेलीच नाही, असा त्याचा आक्षेप होता. त्याच्याविरुद्ध एका जुन्या खटल्याचा दाखला निघाला आणि गाडी येऊन अडली ती 'दॅट' या शब्दावर. 'अमुक घडलं आहे' असं सरळ म्हणणं आणि 'अमुक घडलं आहे हे तिला ठाऊक असून' असं म्हणणं, यात दुसऱ्या वाक्यातली गोष्ट ठाम विधान धरायची की नाही? हॉर्नने तुरुंगातूनच जॉन डनिंग या नामांकित वकिलाला उद्देशून एक पत्र लिहिलं आणि १७७८ साली छापलं. त्यात तो सांगतो, की 'दॅट' हे काही निराळं जोडशब्दाचं प्रकरण नाही, ते साधं 'ते' हे सर्वनाम आहे. "आय नो दॅट द शॉप इज क्लोज्ड" याची उकल करा: "द शॉप इज क्लोज्ड. आय नो दॅट." म्हणजे दुकान बंद असल्याचं विधान स्वतंत्र आणि ठाम. दोन शब्दयोगी आणि एक उभयान्वयी अशा तीन अव्ययांनी आपला बळी घेतला, अशी तक्रार तो पुढे करत राहिला. शिक्षा मात्र टळली नाही.

त्या तीन शब्दांनी त्याला झपाटलंच. पुढे एका मित्राचं आडनाव जोडून तो हॉर्न टूक झाला, आणि त्या मित्राच्या पर्ली गावच्या घराचं नाव देऊन १७८६ साली त्याने भलंमोठं पुस्तक काढलं, 'डायव्हर्शन्स ऑफ पर्ली'. सिद्धान्त असा की जोडशब्द मुळात जोडशब्द नसतातच, ती झिजलेली नामं आणि क्रियापदं असतात. 'इफ' म्हणजे 'गिव्ह', 'दे'. जुन्या इंग्रजीत 'इफ'चं स्पेलिंग 'गिफ' असंच दिसतं, तेव्हा लोकांना पटलंही. पण जर्मनमध्ये याच शब्दाचा भाऊ 'ओब' आहे, आइसलँडिकमध्ये 'एफ'. दोन्हींत 'ग' नाही, आणि त्याच भाषांतल्या 'देणे'त मात्र 'ग' शाबूत आहे. संपलं! भावंडं शेजारी उभी करून बघायची ही रीत टूककडे नव्हती. योगायोग पाहा, त्याच १७८६ च्या फेब्रुवारीत विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळाच्या असाव्यात हे भाषण केलं होतं.

म्हणून टूक सगळाच चुकला का? नाही. 'बिकॉज' म्हणजे 'बाय कॉज', कारणाने. 'ऑलबीइट' म्हणजे 'असेना का सगळं', आख्खं वाक्यच एका शब्दात कोंबलेलं. 'प्रोव्हायडेड' तर उघडउघड क्रियापद. 'अनलेस'चं मूळ त्याने चुकवलं, पण त्यात 'लेस' म्हणजे 'कमी' लपलेलं आहे: याहून कमी अटीवर नाही. हे एकदा फोडून सांगितलं की मुलं 'अनलेस'नंतर 'नॉट' लावणं सोडतात, हा माझा अनुभव. यादी पाठ करून ते होत नाही.

आणि आपली मराठी? 'म्हणून' घ्या. 'म्हणणे' या धातूचं हे सरळसरळ 'करून, जाऊन' सारखं रूप. "पाऊस आला म्हणून शाळा सुटली" यात कोणी काही म्हणत नाही, तरी 'म्हणून' आपलं कारण-परिणामाची गाठ मारून मोकळं. शेजारच्या कानडीत 'एंदु', तेलुगूत 'अनि', तीही 'म्हणणे'तूनच आलेली. टूक आयुष्यभर ज्या गोष्टीचा पुरावा इंग्रजीत ओढूनताणून शोधत होता, ती इथे बाजारात, ओट्यावर, घराघरात रोज बोलली जात होती.

त्याच्या पुस्तकाचा दुसरा भाग १८०५ साली निघाला. त्याच साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम कॅरीचं मराठी भाषेचं व्याकरण इंग्रजीत छापून बाहेर पडलं होतं.