बिल्ला सांगतो गणवेशाचा काळ

जुन्या लष्करी गणवेशाचा काळ कापडापेक्षा त्यावरील बिल्ले, बटणे आणि पदचिन्हे अधिक अचूक सांगतात. संग्राहकाने प्रथम मुकुट न्याहाळावा. राणी व्हिक्टोरियाच्या काळातील मुकुटाच्या कमानी मध्यभागी दबलेल्या, तर १९०१ नंतरच्या गोलाकार असतात. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहमुद्रेने घेतली. मेजरच्या खांद्यावर आज हीच मुद्रा असते.

दुसरी खूण क्रमांकाची. ‘११०’ हा आकडा असलेला मराठा पलटणीचा बिल्ला १९०३ ते १९२२ या काळातील समजावा. १९२२च्या पुनर्रचनेत ही पलटण ‘पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री’त समाविष्ट झाली.

खरेदी करताना सावध राहावे. जुन्या बिल्ल्यांच्या नव्याने पाडलेल्या प्रतीही विकल्या जातात. काठ धारदार असूनही झिजेच्या खुणा नसतील, तर शंका घ्यावी. पितळ वारंवार घासल्यास नक्षी पुसट होते. लोकरी कोटाला कसर लागते. गणवेशावरून बिल्ले उतरवून वेगळे विकले, की त्याचा इतिहासच तुटतो. म्हणून वस्तू कोणाची, कोठून मिळाली, याची नोंद सोबत ठेवावी.

कायद्याचेही भान हवे. आपण सैनिक आहोत असे भासवण्याच्या हेतूने गणवेश वा तत्सम पोशाख घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८नुसार गुन्हा आहे. आजोबांचा कोट कपाटात सांभाळावा. त्याच्या आधारे तोतयेगिरी करू नये.