डब्यात शिरलेले इंजिन आणि लातूरचा कारखाना

देगलूर शहराला रेल्वे स्थानक नाही. नांदेड-देगलूर-बिदर मार्गाची मागणी मात्र जुनी आहे. गाडी येवो न येवो, लातूरजवळच्या हरंगुळ येथील मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याशी या तालुक्याचा, विशेषतः आयटीआय झालेल्या तरुणांचा संबंध आहे. तेथे नेमके काय बनणार आणि काय बाहेरून येणार, हे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे.

स्वातंत्र्यानंतर रेल्वेने जवळपास सर्व काही स्वतःच बनवले. चित्तरंजनला १९५० मध्ये इंजिने, पेरांबूरला १९५५ मध्ये डबे, येलहंकाला १९८४ मध्ये चाके. दुरुस्तीही रेल्वेच्याच कार्यशाळांत. यालाच अर्थशास्त्रात उभे एकत्रीकरण म्हणतात. त्यामागे तत्त्वनिष्ठेपेक्षा अडचण अधिक होती : विकत घ्यावे, तर देशात विकणारे फारसे नव्हते.

‘वंदे भारत’ने ही घडी विस्कटली. या गाडीला वेगळे इंजिन नाही. डब्यांच्या तळाशी मोटारी, विद्युत-परिवर्तक आणि नियंत्रण करणारे संगणक बसवलेले असतात. डबा म्हणजे पोलादाचे जोडकाम व आसने, हे गणित त्यामुळे संपले. २०१८ मध्ये पेरांबूरला पहिली गाडी तयार झाली, तेव्हा सांगाडा रेल्वेचा होता. चालनयंत्रणा हैदराबादच्या मेधा कंपनीची. गाडीचे मर्मस्थान पुरवठादाराकडे गेले.

यंत्रणा ज्याची, तिचा बिघाडही त्यालाच नीट कळतो. म्हणून निर्मिती व देखभाल एकाच करारात बांधण्याची पद्धत आली. मधेपुऱ्याच्या ८०० इंजिनांसाठी अल्स्टॉमशी २०१५ मध्ये असाच करार झाला. लातूरसाठी २०२३ मध्ये रेल विकास निगम व रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग यांच्याशी १२० शयनयान गाड्यांचा करार झाला. गाडीमागे किंमत सुमारे १२० कोटी रुपये, देखभाल ३५ वर्षे. एकत्रीकरण मोडले नाही. त्याचा धनी बदलला. कारखाना सरकारी, आराखडा व जबाबदारी ‘किनेट’ या संयुक्त कंपनीची. शौचालये व खानपान डब्याच्या रचनेवरून २०२४ मध्ये उभय पक्षांत मतभेद झाले. एकाच छताखाली जे तोंडी मिटले असते, त्यासाठी पत्रव्यवहार करावा लागला.

हरंगुळच्या कारखान्यातून पहिला सांगाडा २५ डिसेंबर २०२० रोजी बाहेर पडला होता. जोडकाम, वायरिंग, आतील तक्ते, आसने ही कामे परिसरातील लघुउद्योगांच्या आवाक्यातील आहेत. परिवर्तक व मोटारींचे तसे नाही. त्यांना वर्षानुवर्षांची चाचणी व भांडवल लागते. सुट्या भागांची खरी मागणी पुढील ३५ वर्षे देखभालीतून येईल, आणि या गाड्यांच्या देखभालीचे डेपो ठरले आहेत ते जोधपूर, दिल्ली व बेंगळुरू येथे.